इमर्जन्सी डॉक्टरांना शिकवायला कसं शिकवायचं? सिम्युलेशन, डीब्रीफिंग आणि गप्प बसण्याची कला

निशाचर (धागाकर्ता)

इमर्जन्सी विभागातल्या डॉक्टरला शिकवणं चुकत नाही. ड्यूटीवर इंटर्न असतात, रेसिडेंट असतात, नवीन नर्सेस असतात, आणि त्या खोलीत जो सगळ्यांत वरिष्ठ तो आपोआप शिक्षक ठरतो. 'एक बघा, एक करा, एक शिकवा' हा आमच्याकडचा जुना खाक्या. बघायचं कसं आणि करायचं कसं यावर पुस्तकांचे ढीग आहेत. तिसऱ्या भागाबद्दल मात्र असं गृहीत धरलेलं असतं की ज्याला चांगलं करता येतं त्याला शिकवता येणारच.

हे गृहीतक चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. इमर्जन्सीच्या बाबतीत तर ते जास्तच चुकीचं. मी सध्या अशा डॉक्टरांना सिम्युलेशनच्या मदतीने शिक्षक म्हणून तयार करण्याचं काम करतो, म्हणून हा धागा.

ज्यांना सिम्युलेशन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खोलीत रुग्णाच्या जागी मॅनिकिन (माणसाएवढी बाहुली) असतो, मॉनिटरवर नाडी, बीपी, ऑक्सिजन दिसत असतं, आणि काचेमागे बसलेला माणूस ते आकडे बदलत असतो. चार-पाच जणांची टीम आत जाते आणि त्या 'रुग्णा'वर खरोखर करतील तसे उपचार करते. हा रचलेला प्रसंग, म्हणजे सिनारिओ, आठ-दहा मिनिटांत संपतो. मग सगळे शेजारच्या खोलीत बसतात आणि जे घडलं त्यावर बोलतात. या बसण्याला डीब्रीफिंग म्हणतात, आणि सिनारिओला लागला त्याच्या दुप्पट वेळ तरी त्याला द्यावा असा साधारण संकेत आहे. बाहेरच्यांना वाटतं शिकणं मॅनिकिनपाशी होतं. बरंचसं होतं ते या दुसऱ्या खोलीत.

आणि आमचे डॉक्टर अडकतात तेही इथेच. अर्धवट माहितीवर झटकन निर्णय घेणं, शांतता पसरली की तिच्यात हुकूम देणं, समोरचा चाचरला की त्याच्या हातून काम काढून घेणं, हे गुण रुग्ण कोसळत असताना जीव वाचवतात. तोच माणूस डीब्रीफिंगला बसला की प्रश्न विचारतो, क्षणभर थांबतो आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळेतल्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक होतात. तीन सेकंद! आमच्या लोकांना ते तीन मिनिटांसारखे वाटतात.

नेहमी दिसणारा एक नमुना देतो. सिनारिओ असा: पंचावन्न वर्षांचा रुग्ण, पूर्वी स्टेंट घातलेला, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिल्यावर अंगभर गांधी उठल्या, छातीत घरघर, बीपी ७०/४०. म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, अ‍ॅनाफिलॅक्सिस. रेसिडेंट ऑक्सिजन लावते, सलाईन सोडते, अँटिहिस्टामीन देते, स्टेरॉइड देते. अ‍ॅड्रेनलिन चार मिनिटांनी जातं.

नवा शिक्षक डीब्रीफिंग असं करतो:

"अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पहिलं औषध कोणतं?"
"अ‍ॅड्रेनलिन, सर."
"मग दिलं का नाहीस?"
"राहून गेलं, सर."

यापुढे दहा मिनिटं अ‍ॅड्रेनलिनचं महत्त्व. सगळे माना डोलावतात. पण तिला ते माहीत होतंच की! पहिल्याच उत्तरात तिने ते सांगितलं.

आता हेच वेगळ्या पद्धतीने:

"बीपी सत्तर झाल्यावर तू दोनदा अ‍ॅड्रेनलिनच्या अँप्युलकडे हात नेलास आणि मागे घेतलास. यात ते उशिरा गेलं तर पेशंट हातचा जाऊ शकतो, म्हणून मला काचेमागे धाकधूक होत होती. त्या वेळी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?"

(इथे थांबायचं. खरंच थांबायचं.)

"सर, स्टेंटचा पेशंट. अ‍ॅड्रेनलिनने अ‍ॅटॅक आला तर? आणि शिरेतून द्यायचं की स्नायूत, पातळ करून की तसंच, ते मला त्या क्षणी जुळेना."

आता शिकवण्यासारखं काहीतरी हाती लागलं. अडचणी दोन आहेत आणि दोन्ही वेगळ्या. एक, हृदयविकार आहे म्हणून या परिस्थितीत अ‍ॅड्रेनलिन रोखून धरायचं नसतं. दोन, कार्डियाक अरेस्टमध्ये (हृदय थांबल्यावर) शिरेतून देतात तो १ मिग्रॅचा डोस आणि अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात तो ०.५ मिग्रॅचा डोस तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळलेत. १ मिलीत १ मिग्रॅ असलेल्या अँप्युलमधलं अर्धा मिली, पातळ न करता, मांडीत. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. हे सांगायला एक मिनिट लागतं, आणि ते तिला लागू पडतं, कारण तिच्या नेमक्या गाठीवर बोट ठेवलेलं असतं.

आपण काय पाहिलं ते सांगायचं, त्याबद्दल आपल्याला काय वाटतं ते लपवायचं नाही, आणि मग खऱ्या कुतूहलाने विचारायचं. ही पद्धत जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नीट मांडली. वाचायला सोपी आहे. करताना आमच्यातल्या भल्याभल्यांची भंबेरी उडते.

---

कुतूहल

वाचनखूण साठवली आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे बाळबोध प्रश्न: हे वैमानिकांच्या प्रशिक्षणासारखंच ना?

---

भूलभुलैया

@कुतूहल, बाळबोध अजिबात नाही, मुळं तिथेच आहेत. एडविन लिंकने १९२९ मध्ये जमिनीवर बसून विमान उडवायला शिकवणारं यंत्र तयार केलं. वैद्यकात ही कल्पना रुजवण्यात आम्हा भूलवाल्यांचा वाटा मोठा आहे (कॉलर ताठ). स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑपरेशन थिएटरचं सिम्युलेशन उभं केलं आणि विमानसेवेतलं 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' आमच्याकडे आणलं. म्हणजे हाताच्या कौशल्याबरोबर कोण नेतृत्व करतंय, मदत कधी मागायची, सांगितलेलं काम ऐकणाऱ्याने परत बोलून दाखवलं का, हे सगळं. गाबांचा एक मुद्दा निशाचर यांच्या म्हणण्याशी जुळतो: सिम्युलेशन ही शिकवण्याची पद्धत आहे, तिला यंत्र समजू नका.

अवांतर: सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून, श्वास देऊन करायचा उपचार) शिकवायची 'रेसुसी अ‍ॅन' ही बाहुली १९६०ची. बनवणारे आस्मुंड लेरदाल हे नॉर्वेचे खेळणी तयार करणारे. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या अनामिक तरुणीच्या मुखवट्यावरून घेतलेला आहे.

---

कातळ

विरोधी सूर लावतो. मी शल्यचिकित्सक. आमची पिढी रुग्णांवर शिकली आणि शिकवतेही आहे. प्लास्टिकच्या बाहुलीभोवती नाटक करायचं आणि मग गोल बसून 'तुला काय वाटलं' विचारायचं, याने कुणी चांगला डॉक्टर होतो यावर माझा विश्वास नाही. चूक झाली तर तोंडावर सांगा, पोरं लक्षात ठेवतात. मला माझ्या सरांनी झापलेलं अजून आठवतं.

---

फिरती_पाळी

कातळ सर, झापलेलं आठवतं हे खरं. कशाबद्दल झापलं तेही आठवतं का? मला तर फक्त कॉरिडॉर आठवतो आणि तिथे कोण कोण उभं होतं ते.

मी इमर्जन्सीत नर्स आहे. सिम्युलेशनला आम्हालाही बोलावतात, पण डीब्रीफिंगला बहुतेक वेळा डॉक्टरच बोलतात आणि आम्ही फर्निचर. एकदा सिनारिओमध्ये डॉक्टरने तोंडी डोस सांगितला, तो मला चुकीचा वाटला, आणि मी गप्प राहिले. नंतर शिक्षकाने डोसवर भाषण दिलं. मी गप्प का राहिले हे कुणी विचारलंच नाही. तो प्रश्न डोसपेक्षा मोठा होता, असं मला वाटतं.

---

निशाचर

@फिरती_पाळी, +१००. शिक्षक तयार करताना आम्ही नेमकं हेच बघतो: डीब्रीफिंगमध्ये कोण बोललं नाही हे याच्या लक्षात आलं का? डॉक्टर आणि नर्स अशा दोघांनी मिळून डीब्रीफिंग घेतलं तर हे बरंच सुधारतं. मात्र आधी ठरवून घ्यावं लागतं की कोण काय हाताळणार, नाहीतर दोघं एकमेकांचं वाक्य तोडत बसतात.

@कातळ, चूक सांगूच नये असं मी म्हटलेलं नाही. उलट 'छान झालं, छान झालं' म्हणत खरी गोष्ट गिळणारा शिक्षक मला झापणाऱ्याइतकाच निरुपयोगी वाटतो. त्याचं मत चेहऱ्यावर दिसत असतंच, फक्त तो ते बोलत नाही, आणि समोरचा अंदाज बांधत बसतो. स्पष्ट बोला, पण समोरच्याने जे केलं त्यामागे त्याचं काहीतरी तर्कशास्त्र होतं हे धरून चाला. बाहुली नाटकी वाटते, मान्य. पण रुग्ण खरा असताना चुकणाऱ्याला चुकू देऊन पुढे काय होतं ते बघण्याची सोय नसते. आणि शिक्षकालाही शिकवताना चुकण्याची सोय नसते.

या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण तोच आमच्या कोर्सचा गाभा आहे. शिक्षकांना आम्ही शिकवण्यावर व्याख्यान देत नाही (म्हणजे देतो थोडं, पण त्याने काही होत नाही). त्यांच्यासाठी शिकवण्याचंच सिम्युलेशन करतो. चार जण 'विद्यार्थी' होऊन सिनारिओ करतात, पण त्यांना आधी गुपचूप भूमिका दिलेल्या असतात. एक अजिबात बोलत नाही. एक प्रत्येक गोष्टीला 'पण खऱ्या पेशंटमध्ये मी असं केलंच नसतं' म्हणतो. एक अतिआत्मविश्वासाने सगळं उत्तम झालं असं सांगतो. आणि एकीच्या डोळ्यांत पाणी येतं. होऊ घातलेला शिक्षक त्यांचं डीब्रीफिंग घेतो, आम्ही मागे बसून बघतो, आणि मग त्याच्या डीब्रीफिंगचं डीब्रीफिंग होतं. त्याच नियमांनी: "ती रडायला लागल्यावर तू लगेच मॉनिटरच्या आकड्यांकडे वळलास. मला वाटलं तिला एकटं सोडलंस. तुझ्या मनात काय होतं?"

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एका अनुभवी डॉक्टरचं उत्तर होतं, "रडणाऱ्या नातेवाइकाशी मी बोलू शकतो. रडणाऱ्या ज्युनियरशी बोललो तर बाकीचे मला मऊ समजतील." या माणसाला डीब्रीफिंगचे टप्पे पाठ करवून काही उपयोग झाला नसता.

---

ओलीस

मी असा कोर्स केला आहे (निशाचर यांचा नाही). गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याची भूमिका माझ्याकडे आली होती. शिक्षक झालेला सहकारी मला प्रश्न विचारून दर वेळी स्वतःच उत्तर देत होता, आणि मला बोलायची गरजच पडली नाही! व्हिडिओ दाखवला तेव्हा तो म्हणाला, "हा तर मी राउंडला असतो तसा आहे."

एक प्रश्न. आम्हाला 'पर्ल्स' नावाचा आराखडा शिकवला होता. ड्यूटीवर परतल्यावर तो कार्डावर लिहून खिशात ठेवला आणि आता कार्डाकडे बघत बघत बोलतो. समोरच्यांना मी ग्राहकसेवेतला माणूस वाटतो. हे कधी सुटतं?

---

निशाचर

@ओलीस :)) कार्ड टाकू नका. पर्ल्स हा एपिक आणि चेंग यांचा २०१५चा आराखडा. आधी भावना बाहेर येऊ द्यायच्या, मग काय घडलं यावर सगळ्यांचं एकमत करायचं, मग विश्लेषण, शेवटी इथून काय घेऊन जायचं ते. सुरुवातीला वाक्यं लिहिलेली असली की डोक्यावरचा भार हलका होतो आणि ऐकायला जागा उरते. नवख्याने लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी घालताना घसा बघायचं उपकरण) धरला की त्याला मॉनिटर ऐकू येत नाही, तसंच आहे हे. काही महिन्यांनी वाक्यं तुमची होतात. मात्र तोवर कुणीतरी अधूनमधून तुम्हाला बघायला हवं. कोर्स झाला, प्रमाणपत्र मिळालं, आणि पुन्हा कुणी शेजारी बसलंच नाही, तर जुनी सवय परत येते. मला विचाराल तर कोर्सचे दिवस कमी करा, पण नंतर सहकाऱ्याने शेजारी बसून बघण्याची सोय करा.

दुसरं म्हणजे, प्रत्येक गोष्टीला गोल बसून चिंतन लागत नाही. छातीवर दाब १०० ते १२०च्या वेगाने, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, शॉक देताना मधला खंड कमीत कमी. यात 'तुला काय वाटलं' विचारण्यासारखं फारसं काही नाही. तिथे लगेच थांबवा, दुरुस्त करा, मागे नेऊन पुन्हा करून घ्या. जॉन्स हॉपकिन्सच्या एलिझाबेथ हंट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालरोग रेसिडेंट्सना अशाच छोट्या-छोट्या फेऱ्यांनी सीपीआर शिकवून त्यांचं काम सुधारल्याचं दाखवलं. शिक्षकाला कळायला हवं ते हे, की समोरची अडचण हाताची आहे की विचाराची. @कातळ, पहिल्या प्रकारात तुमची तोंडावर सांगण्याची पद्धत चालून जाते. फक्त आवाज थोडा खाली.

---

कातळ

आवाजाचं बघू. पण पुरावा काय? कोर्स करणाऱ्यांना कोर्स आवडतो, एवढंच दिसतं सगळीकडे.

---

भूलभुलैया

हा वार बरोबर बसला. कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या घ्या (मूळ १९५९, त्याही उद्योगांतल्या प्रशिक्षणासाठी): आवडलं का, शिकले का, कामात बदल झाला का, आणि शेवटी परिणाम, म्हणजे आमच्याकडे रुग्णाला फायदा. सिम्युलेशनने विद्यार्थी शिकतात याला चांगला आधार आहे. २०११ मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात सहाशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले होते, आणि काहीच प्रशिक्षण न देण्याच्या तुलनेत ज्ञान आणि कौशल्यावर मोठा परिणाम दिसला. रुग्णांवरचा परिणाम त्यामानाने माफक. पण शिक्षक घडवण्याच्या कोर्सचं मोजमाप बरंचसं पहिल्याच पायरीवर रेंगाळतं. शेवटी चहूबाजूंनी पाचपैकी पाच गुण. बॉस्टनच्या सेंटर फॉर मेडिकल सिम्युलेशनने 'डॅश' नावाची डीब्रीफिंगला गुण देण्याची पद्धत केली आहे, सहा घटक, प्रत्येकी सातपैकी. ती स्वतः शिक्षक, विद्यार्थी आणि त्रयस्थ निरीक्षक या तिघांनी भरायची सोय आहे. तिघांच्या गुणांत तफावत आली की चर्चेला खरा रंग चढतो.

---

मनीप्लांट

मध्येच विचारते. आमच्याकडे भारी मॅनिकिन नाही, काचेची खोली नाही. फक्त सीपीआरची बाहुली. मग आमच्या लोकांनी शिक्षक व्हायचं तरी कसं? आणि दुसरं, सिनारिओत रुग्ण मरू द्यावा का? आमच्यात यावरून दोन तट आहेत.

---

फिरती_पाळी

पहिल्याचं उत्तर मी देते. आमचं सगळ्यांत उपयोगी सिम्युलेशन विभागातच झालं, रिकाम्या कॉटवर, टॅबलेटवर मॉनिटरचं अ‍ॅप लावून. कार्डियाक अरेस्ट चालू असताना कळलं की क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषधांच्या गाडीचा) तिसरा खण अडकतो आणि बॅग-मास्कला (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीला) लहान मुलांचा मास्क जोडून ठेवलाय. खोट्या रुग्णाने खरा खण दुरुस्त करून दिला. भारी मॅनिकिन वेगळ्या खोलीत असतो, त्याला आमचा खण माहीत नाही.

---

निशाचर

वरच्या प्रतिसादात सगळं आलं. शिक्षक होण्यासाठी तर मॅनिकिन आणखी कमी लागतो, कारण सराव माणसांशी बोलण्याचा आहे. मोबाइलवर डीब्रीफिंगचं रेकॉर्डिंग करा (सगळ्यांची परवानगी घेऊन, आणि बघून झाल्यावर पुसून टाका), आणि शिक्षकाने एकूण किती वेळ बोललं ते मोजा. बस्स.

मृत्यूबद्दल: संघाला आधी कल्पना नसताना, त्यांच्या चुकीची शिक्षा म्हणून रुग्ण मारू नये, या मताचा मी आहे. २०१४ मध्ये फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाचा रुग्ण अनपेक्षित मेला, दुसऱ्याचा वाचला. मृत्यू पाहिलेल्यांच्या डोक्यावरचा ताण जास्त होता आणि तीन महिन्यांनी त्यांची कामगिरीही कमी भरली. मृत्यू हाच विषय असेल, म्हणजे नातेवाइकांना सांगणं, सीपीआर कधी थांबवायचं, तर जरूर घ्या. पण ते सुरुवातीच्या बोलण्यात सूचित करा, आणि डीब्रीफिंगला अनुभवी माणूस बसवा. नव्या शिक्षकाच्या हाती हे देऊ नका.

त्या सुरुवातीच्या बोलण्याबद्दल, प्रीब्रीफिंगबद्दल, मी वर लिहायला विसरलो. इथे जे होईल ते इथेच राहील, तुम्ही हुशार आहात आणि चांगलं करायला आला आहात असं आम्ही धरून चालतो, बाहुलीला घाम येत नाही तेवढं सांभाळून घ्या. पाच मिनिटं. घाईत हे गाळलं तर पुढचं डीब्रीफिंग सुधारायला फार कष्ट पडतात.

---

ओलीस

शेवटचा प्रश्न. कोर्सनंतर स्वतः पहिला सिनारिओ लिहायचा आहे. कुठला घेऊ?

---

निशाचर

आपल्याला ज्यात फार रस नाही असा. एअरवेवर (श्वासमार्ग मोकळा ठेवण्यावर) जीव असलेला माणूस एअरवेचा सिनारिओ लिहितो आणि मग डीब्रीफिंगमध्ये व्हिडिओलॅरिंगोस्कोपच्या पात्यांवर वीस मिनिटं बोलतो. उद्दिष्टं दोन, फार तर तीन. त्यातलं एक संघाच्या वागण्याबद्दल ठेवा. सिनारिओ आठ मिनिटांत संपला पाहिजे. आणि तुमच्या बोलण्याचा वेळ मोजायला घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या.

---

ओलीस

मग हायपरकॅलेमिया (रक्तात पोटॅशियम वाढणं) घेतो. ईसीजी दाखवायला पण मजा येईल.

---

भूलभुलैया

इथे ईसीजीवर लेखमाला कुणी लिहिली होती हो? दुसरं काहीतरी घ्या.